मावशीची काजं

कोटाचं काज हातानं करणाऱ्या बायका आता उरल्यात कुठे? माझी मावशी त्यातली एक. शिंप्याच्या दुकानात खिडकीपाशी तिचं स्टूल. तिच्या कामात खोट काढायची मालकाचीसुद्धा छाती नव्हती. तोंडही फटकळ. काज घट्ट झालं म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ती म्हणाली होती, "पोट आत घ्या, काज बरोबर आहे."

मग संधिवातानं तिची बोटं सुजली. मूठ वळेना, सुई धरवेना. काम सुटलं तशी ती घरात नुसती चिडचिड करत बसायची. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "मावशी, रक्तातल्या ज्या पेशी जंतूंशी लढतात, त्याच चुकून तुमच्या सांध्यांवर उठल्यात. या इंजेक्शनानं त्यांचा जोर कमी होईल. पण मग जंतू आले तरी त्या पूर्वीसारख्या धावून जाणार नाहीत. साधं काही टोचलं तरी लगेच या."

इंजेक्शनं लागू पडली. मावशी परत स्टुलावर बसली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

एक दिवस सुई बोटात खोल घुसली. शिवणाऱ्यांना त्याचं काय कौतुक! त्यांचा ठोकताळा एकच: बोट ठणकलं, पिकलं, तर बघायचं. मावशीचं बोट जरा जाड दिसत होतं, इतकंच. ना ठणका, ना ताप.

"दाखवून ये ना," मी म्हटलं.

"सुई टोचली म्हणून दवाखान्यात जाऊ? हसतील मला."

जंतूंशी लढताना ठणका उठवतात त्या पेशींनाच औषधानं गप्प केलं होतं, हे तिला सांगूनही उमगलं नव्हतं. त्याची हळहळ मला अजून सोडत नाही. जंतू आतल्या आत हाडापर्यंत पोचले. ऑपरेशननं बोट वाचलं, पण जंतू पुरते जाईपर्यंत इंजेक्शन बंद ठेवावं लागलं. तेवढ्यात संधिवात दोन्ही हातांवर तुटून पडला. बोटं वाकडी झाली.

औषध पुन्हा सुरू करायच्या दिवशी मी बरोबर होते. मावशी कधी नव्हे ती नरमाईनं बोलली, "चुकलं बाई माझं. आता सुई टोचली तर हातातलं काम टाकून तडक येईन."

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात हातात घेतले. "सूज उतरेल, मावशी. दुखणंही कमी होईल. वाकलेली बोटं मात्र सरळ नाही व्हायची."

मावशीनं सुई धरायची चिमूट करून पाहिली; बोटं जुळलीच नाहीत.

"म्हणजे आता सुई मला टोचणारसुद्धा नाही," ती म्हणाली.