पाच मिलिमीटरचा होकार

सायकलच्या नव्या ट्यूबचा वास आला की मला कळंबच्या घरातली एक दुपार आठवते. लेक आयर्लंडला नोकरीला होती आणि तिथं फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर घसरायला शिकली होती. तीन वर्षं भेट नव्हती. मेमध्ये आम्ही यावं म्हणून तिनं माझ्यासाठी गार पाण्यात घालायचा अंगाला घट्ट रबरी वेटसूट पाठवला होता आणि माप बघायला ती फोनवर समोर बसली होती. त्याची पाच मिलिमीटर जाडी पाहून मी म्हणालो, “अगं, मेमध्ये आम्ही अंगात बनियनसुद्धा ठेवत नाही.” “बाबा, समुद्राला कळंबचं कॅलेंडर कळत नाही. तो उशिरा तापतो. मेमध्ये जाडच लागतो.” जायचं नाही, हे मी ठरवलं होतं; निवृत्त मुख्याध्यापकाला शोभेल असं लांबलचक भाषणही तयार होतं. आधी माप देऊन टाकू म्हणून त्या सुटात शिरलो. बायकोनं पाठीवरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ती तिथंच अडकली. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, घाम आतल्या आत पोटऱ्यांपर्यंत उतरला. “लई घट्ट बसलंय. कात्री आणू का?” बायकोनं विचारलं. “आई, कापू नकोस! बाबा, मग तिकीट काढू ना?” भाषणाला लागते तेवढी हवा छातीत मावत नव्हती; जेमतेम ‘व्हय’ निघालं. खोबरेल लावून चेन सुटली, तोवर लेक तिकडं डोळे पुसत होती आणि मोकळ्या छातीनंही मला शब्द फिरवता आला नाही. त्या गार समुद्रात मी पुढं दोनदा उतरलो. तो होकार मात्र माझ्याकडून दाबून घेतला होता, हे मी अजूनही सांगत असतो.