ह्यांचा गुडघा आणि चिनी बाईंचा शेक

आमच्या ह्यांचा उजवा गुडघा चाळीस वर्षं माझ्या ताब्यात होता. तव्यावर जुन्या धोतराची घडी गरम करायची आणि शेकायचं, हे काम पुण्यात असल्यापासून माझंच. मुलाकडे परदेशात, लोअर हट गावी राहायला आलो, इथल्या थंडीनं गुडघा जास्तच कुरकुरायला लागला, आणि कुंपणापलीकडच्या चिनी बाईंनी तो काबीज केला.

बाई माझ्याच वयाच्या. त्या मोक्सा करतात. म्हणजे काय, तर आपल्या दवण्याच्या जातीतला एक पाला वाळवून, कुटून त्याची सिगारसारखी कांडी केलेली असते. ती पेटवायची आणि कातडीला न लावता जरा वर धरायची. चटका नाही, नुसती धग. दर मंगळवारी हे जायचे. एकदा मी बरोबर गेले, तर बाईंच्या एका हातात कांडी आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं ह्यांच्या गुडघ्यावर टेकवलेली. चांगली वीस मिनिटं. आणि हे डोळे मिटून बसलेले.

घरी येताना म्हणाले, "अगं, हा शेक अगदी आत जातो."

"मग माझा काय अंगणात जातो?"

हे हसले. मला काही हसू आलं नाही.

सुनेकडे बाळाचा थर्मामीटर आहे, लांबून धरायचा. दुधाची बाटली किती गरम तेही सांगतो. मी त्यानं गुडघा मोजायला लागले. शेकण्याआधी एकतीस. माझ्या घडीनं सदतीसवर गेला, पण कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत परत तेहतीस. मंगळवारी हे बाईंकडून गार वाऱ्यातून चालत आले, पायजमा वर केला, तरी छत्तीस. माझा जळफळाट झाला.

"आई, त्या वीस मिनिटं शेकतात, तुम्ही पाच," सून म्हणाली. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी मी तवा सणसणीत तापवला आणि घडी गुडघ्यावर दाबून धरली.

"भाजतंय का हो?"

"छे, बरं वाटतंय."

आकडा चाळिशीपार गेला. मला कोण आनंद. संध्याकाळी बघते तर गुडघ्यावर लिंबाएवढा फोड. ह्यांना शुगर आहे, पायाला चटका नीट कळत नाही. मला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आकड्याच्या नादात विसरले.

मंगळवारी बाईंनी फोड पाहिला. हे इंग्रजीत म्हणाले, "माझंच चुकलं, गरम पिशवी जास्त वेळ ठेवली." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझा हात धरून माझी दोन बोटं ह्यांच्या डाव्या गुडघ्यावर ठेवली आणि बोटांमधल्या जागेवर कांडी धरली.

"ही नो फील. यू फील," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

जरा वेळानं माझीच बोटं पोळायला लागली. मी हात मागे घेतला, तशी त्यांनी कांडी वर उचलली. म्हणजे ती बोटं त्यासाठी होती. आणि मी महिनाभर काय काय मनात आणलं होतं.

आता फोड बरा झालाय. मंगळवारी कांडी त्या धरतात, बोटं मी ठेवते. तशी अट मीच घातली. शेक संपला की हे डोळे उघडतात, बाईंना वाकून "थँक्यू, थँक्यू" म्हणतात. मला म्हणतात, "चल गं, भूक लागली."