घंटागाडीची पूजा

अकोल्यात महानगरपालिकेच्या गॅरेजमध्ये मी फिटर होतो. घंटागाडी दुरुस्तीला आणताना कचरा खाली करून आणावा, एवढी साधी अक्कल. पण ड्रायव्हर भरलेलीच आणून उभी करायचे. डेपो लांब, गॅरेज जवळ. वर मलाच म्हणायचे, "तिचं हायड्रॉलिक बंद हाय, हातानं खाली करू काय?" मग मी गाडीखाली सरकायचो आणि सडक्या भाज्यांचं, डायपरचं पाणी मानेवर, कधी थेट तोंडात. थू!

दसऱ्याला मोठे साहेब गाड्यांच्या पूजेला आले. बाकी गाड्या धुतलेल्या होत्या. एक घंटागाडी मात्र तशीच भरलेली, बॉनेटवर झेंडूचा हार. तिच्या खालून मी नुकताच निघालो होतो. साहेबांनी नाकाला रुमाल लावून तिला बोटानं कुंकू लावलं, नारळ फोडला, नमस्कारही केला.

मग ते पेढे वाटू लागले. मी साबणानं घासलेले हात पुढे केले. साहेबांनी इतरांच्या हातावर पेढा ठेवला, माझ्या ओंजळीत तो वीतभर वरून टाकला.

मी त्यांच्यादेखत तो घंटागाडीत फेकला.

"प्रसाद काहून फेकला रे?"

"वास मारून राहिला, साहेब."