घड्याळाकडची पट्टी

रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी माळी मैदानाच्या अलीकडच्या बाजूला होता आणि त्याच्या मशीनचं पातं सर्वांत खालच्या खाचेत होतं. मालकाचा हुकूमच तसा होता. गवत आखूड हवं, चेंडू नुसता घरंगळता कामा नये, सटकत गेला पाहिजे. अलीकडच्या बाजूला मालकाची काचेची खोली होती, म्हणून ती बाजू माळ्यानं दोनदा कापली, वरून पाणी मारलं आणि रोलर फिरवला. हात ठेवला तर टेबलावर ठेवल्यासारखा वाटावा, इतकी सपाट केली.

मग मशीन घेऊन तो पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेला. मैदानाच्या एका टोकाला जुनं घड्याळ होतं आणि दुसऱ्या टोकाला सिमेंटच्या पायऱ्या, जिथे फुटबॉल क्लबचे खरे वेडे उभे राहत. भिंतीलगतची घड्याळाकडची अर्धी पट्टी आली तेव्हा तो वाकला, पातं तीन खाचा वर घेतलं आणि शिट्टी वाजवत पुढे गेला. लांबून कुणी पाहिलं असतं तर त्याला मशीन चालताना दिसलं असतं. गवताचे फक्त शेंडे उडत होते. बुधवारपासून हेच चाललं होतं, वर रोज संध्याकाळी त्या पट्टीला जास्तीचं पाणी. रोलर अशा दिशेनं फिरवला होता की उंच गवत आडवं पडून फिकट दिसावं आणि इतर पट्ट्यांत मिसळून जावं. डोळ्यांना फरक कळत नव्हता. पळणाऱ्या पायांना कळला असता.

कुणाच्या पायांना, हेही ठरलेलं होतं.

क्लबचा नवा डावा विंगर, डाव्या कडेनं पळत चढाई करणारा, म्हणजे ‘हरीण’. हे नाव त्याला पायऱ्यांवरच्या लोकांनी दिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. चेंडू पुढे ढकलायचा आणि मागचा माणूस मागेच ठेवायचा, एवढाच त्याचा खेळ. त्याला आणण्यासाठी नव्या मालकानं ज्याला विकलं तो उजव्या बाजूचा बचावपटू माळ्याचा सख्खा भाचा होता. आज तोच भाचा नदीपलीकडच्या क्लबकडून खेळायला येणार होता आणि हरणाला अडवण्याचं काम त्याच्याकडेच होतं.

भाचा या मैदानावरच वाढलेला. माळ्याची धाकटी बहीण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात पाळ्या करायची, नवरा लवकर गेलेला, म्हणून पोरगं दिवसभर मामाच्या मशीनच्या खोलीत. मामानं चुन्याच्या रेषा आखायच्या आणि पोरानं त्या रेषेवरून चेंडू नेत सुटायचं. पुढे तो क्लबचा कर्णधार झाला. पळण्यात तो कधीच पहिला नव्हता. समोरचा कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं आणि तो तिथे जाऊन उभा राहायचा.

क्लब तेव्हा सभासदांचा होता. छत गळायचं, पगार उशिरा व्हायचे, आणि गोलची जाळी कोणत्या रंगाची घ्यावी यावर कमिटी दोन बैठका भांडायची. मग फरशीचे कारखाने असलेला एक गृहस्थ आला. सभासदांनी हात वर करून क्लब त्याच्या हवाली केला. पहिल्याच महिन्यात त्यानं कर्णधाराला विकलं. पत्रकारांना म्हणाला, “मुलगा गुणी आहे. पण आम्हाला वेग हवाय, आणि त्याचे पाय आमच्या योजनेत बसत नाहीत.”

हे माळ्यानं एक वेळ गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याला बाहेरच्या भिंतीपाशी बोलावलं. भिंतीवरचा भाच्याचा मोठा फलक उतरवायचा होता. रंगारी वर चढला आणि खाली शिडी धरायला माळी. पंधरा मिनिटं तो शिडी धरून उभा राहिला आणि वरून भाचा तुकड्यातुकड्यानं खाली आला. आधी डोकं, मग छाती, शेवटी पाय. संध्याकाळी बहिणीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दादा, शिडी सोडून का नाही दिलीस?”

रंगाऱ्याचा काही गुन्हा नव्हता, असं तो म्हणाला. पण शिडी सोडायची राहून गेली ही गोष्ट त्याच्या डोक्यात तेव्हापासून ठाण मांडून बसली.

आणि मग न्हाव्याचं दुकान. मैदानाच्या फाटकासमोर दोन खुर्च्यांचं दुकान. क्लबचा कारभार खरं तर तिथेच चालतो, असं गावातले लोक थट्टेनं म्हणत. न्हावी मालकाच्या बाजूचा. मतदानात त्यानं दोन्ही हात वर केले होते, असं त्याचं गिऱ्हाईकच सांगायचं. त्याच्यासमोर कायम बसवाला. खेळाडूंची बस चालवायचा, म्हणून आतली खबर आपल्यालाच असते असा त्याचा तोरा.

शनिवारी सकाळी माळी दाढीला गेला तेव्हा वाद रंगात आला होता. बसवाल्याचं म्हणणं, फरशीवाला खेळाडू नमुन्याच्या फरशीसारखे घेतो. चकाकली की उचलली. पुढे पळणारे तिघे आणले, पण मधल्या फळीत चेंडू अडवणारा एकही नाही. शिवाय तिघांचा दलाल एकच, आणि तो मालकिणीचा मावसभाऊ. न्हावी म्हणाला, मग काय झालं, आपल्या कमिटीनं आणलेला तो गोलकीपर आठवतो का, ज्याला संध्याकाळी दिसायचं नाही? त्याचा दलाल तर कमिटीतच बसला होता. निदान हा स्वतःच्या खिशातून घालतो. छत गळायचं थांबलं की नाही, ते सांग. बसवाला म्हणाला, छत गळायचं थांबलं आणि बचाव गळायला लागला. दुकान हसलं.

मग गाडी भाच्यावर आली. बसवाला म्हणाला, त्याच्यासारखा खेळ वाचणारा या गावानं पाहिला नाही. तो पळत नाही, कारण त्याला पळावं लागत नाही. न्हाव्यानं माळ्याच्या दोन्ही गालांना फेस लावला, ब्रश खाली ठेवला आणि आरशातून सगळ्यांकडे बघत म्हणाला, “माळीबुवांबद्दल काय वाटेल ते म्हणा, पण एक गोष्ट मान्य करा. भाचा आणि गवत, दोघांना एकाच हातानं वाढवलं. त्यांतलं वेगानं पुढे गेलं ते गवत.”

या वेळी दुकान जास्त हसलं. बसवालाही हसला. माळ्याच्या ओठांवर फेस होता, तोंड उघडायची सोय नव्हती. तो आरशात न्हाव्याकडे बघत राहिला आणि मनाशी म्हणाला, उद्या. उद्या पाच वाजेपर्यंत थांब.

हिशेब सोपा होता. या मैदानाची जुनी रीत अशी, की घरचा संघ पहिल्या अर्ध्यात घड्याळाकडे चढाई करणार आणि दुसऱ्या अर्ध्यात पायऱ्यांकडे, म्हणजे शेवटचे गोल आपल्या माणसांसमोर व्हावेत. टॉस कुणीही जिंको, पाहुणे कर्णधार आजवर ही रीत मोडत नसत. कारण पायऱ्यांवरच्या शिव्या फुकट कोण घेईल? घड्याळाकडे चढाई म्हणजे डावा विंगर भिंतीलगतच्या पट्टीवर. तिथे हरणाचा चेंडू अडकणार, पाय रुतणार. भाच्याला पळायचंच नव्हतं, तो नुसता उभा राहून चेंडू काढून घेणार. दुसऱ्या अर्ध्यात दोघं आखूड गवताच्या बाजूला येणार हे माळ्याला माहीत होतं. पण तोवर निकाल लागलेला असणार. पायऱ्यांवर, काचेच्या खोलीत आणि न्हाव्याच्या दुकानात.

हे त्यानं भाच्याला सांगितलं नव्हतं. सामन्याच्या आठवड्यात दोघं फोनवरही बोलत नसत, आणि हा नियम मामानंच घातला होता. घरच्या मैदानाचा माळी पाहुण्यांना खबर देतो, असं कुणी म्हणू नये म्हणून.

तीन वाजता मैदान भरलं. बहीण पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, हॉस्पिटलच्या पाळीवरून तशीच आलेली. माळी उखडलेलं गवत दाबायचा काटा घेऊन खेळाडूंच्या बोगद्यापाशी उभा राहिला. पाहुणा संघ बाहेर आला तेव्हा सर्वांत पुढे भाचा होता आणि त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी. जुन्या मैदानावर परत येतोय म्हणून त्यांच्या कोचनं आजच्यापुरता मान त्याला दिला होता. माळ्याचा ऊर भरून आला, हे कबूल करावं लागेल. पायऱ्यांवरून थोड्या टाळ्या आल्या, थोडी हुर्यो.

नाणं उडालं. भाच्यानं टॉस जिंकला. रेफरीनं काहीतरी विचारलं आणि भाच्यानं पायऱ्यांकडे एकवार नीट बघून घेतलं, हसला आणि मनगट फिरवून खूण केली. बाजू बदला.

मैदानावर एक क्षण कुणाला समजलंच नाही. मग समजलं आणि पायऱ्यांवरून असा गलका उठला की राखीव खेळाडूसुद्धा बाकावरून उठून बघायला लागले. त्यांची चढाई, त्यांचे शेवटचे गोल, त्यांची रीत, सगळं विकलेल्या माणसानं मनगटाच्या एका खुणेत काढून घेतलं होतं. भाचा शांतपणे आपल्या जागेवर चालत गेला. वर्षभर त्यानं हेच योजलं असणार. ज्यांनी हात वर करून त्याला विकू दिलं, त्यांना तो टोचणार होता, आणि बरोबर दुखेल तिथे.

माळ्यानं काटा जमिनीत रोवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. हरीण आता पायऱ्यांकडे चढणार होतं. म्हणजे अलीकडच्या बाजूनं. दोनदा कापलेल्या, पाणी मारलेल्या, टेबलासारख्या बाजूनं.

पुढचं लांबवून सांगण्यासारखं नाही. भाचा पूर्वीसारखाच आधी जाऊन उभा राहत होता, पण त्या गवतावर चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा अर्धं पाऊल आधी पोचत होता, आणि चेंडूमागोमाग हरीण. पहिला गोल त्याच्या डाव्या हाताकडून गेला, दुसरा उजव्या. दुसऱ्या वेळी भाचा घसरून बसला आणि हरीण त्याला वळसा घालून गेलं, तेही पायऱ्यांच्या ऐन समोर. शिव्या देणारे तेच लोक आता भाच्याचे आभार मानत होते. न्हावी कुंपणापर्यंत खाली आला होता आणि हातवारे करून म्हणत होता, कर्णधार, दर वर्षी बाजू बदल रे बाबा. काचेच्या खोलीत मालक उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मध्यंतरानंतर पाहुणा संघ परत आला तेव्हा त्यात भाचा नव्हता. त्यांच्या कोचनं त्याला बाकावर बसवलं होतं.

आणि आता हरीण घड्याळाकडच्या पट्टीवर आलं. पहिलाच चेंडू त्याच्या पुढे जायच्याऐवजी पायाखाली राहिला आणि ते त्यावरून कोलमडलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं वाकून गवताची चिमूट उपटली आणि कोचला दाखवली. माळ्यानं जे जे मनात रंगवलं होतं ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर हुबेहूब घडत होतं, फक्त ते बघून कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाहुण्यांनी एक गोल फेडला. सामना दोन विरुद्ध एक असा संपला आणि दुसऱ्या अर्ध्याबद्दल पायऱ्यांवर कुणी चकार शब्द काढला नाही.

साडेपाचला मॅनेजर मशीनच्या खोलीच्या दारात येऊन सांगून गेला, की मालक सकाळी आठला स्वतः मोजपट्टी घेऊन येणार आहेत. भिंतीची बाजू बघायची आहे म्हणाले. तो गेल्यावर थोड्या वेळानं भाचा आला. अंघोळ केलेली, खांद्यावर बॅग, बाहेर त्यांची बस उभी. लहानपणी बसायचा त्याच उलट्या बादलीवर बसला.

“मामा, मी बाकावरून बघत होतो,” तो म्हणाला. “ती पट्टी माझ्यासाठी होती?”

“त्याच्यासाठी होती.”

“मला एक फोन करायचास.”

“आणि तू? बाजू बदलणार म्हणून तू केलास फोन?”

भाच्यानं नकारार्थी मान हलवली. नियम तुझाच, असं तो म्हणू शकला असता. त्याऐवजी त्याला हसू फुटलं, चांगलं नव्हे, नाकातून आलेलं. म्हणाला, त्या न्हाव्याचं तोंड मात्र टॉसच्या वेळी बघण्यासारखं झालं होतं. मामा म्हणाला, त्याचं तोंड नंतरही बघण्यासारखं होतं. मी बघितलं.

मग भाच्यानं दारातून भिंतीकडे पाहिलं. अजून चांगला उजेड होता. म्हणाला, मशीन काढ, मी धरतो, अर्ध्या तासात ती पट्टी सपाट होईल आणि सकाळी फरशीवाल्याला मोजायला काही उरणार नाही. बस थांबेल तेवढा वेळ.

माळी पाना घेऊन बसला होता. पातं सोडवून त्यानं तेलाच्या डब्यात टाकलं.

“कापली तर त्याला वाटेल, त्याचं हरीण आपलं आपणच पडलं,” तो म्हणाला. “मोजू दे. हे कुणी केलं ते त्याला कळलंच पाहिजे.”

“नोकरी जाईल.”

“तुझी गेली तेव्हा मी शिडी धरली होती,” माळी म्हणाला आणि चिंधीनं हात पुसायला लागला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. भाचा उठला, बॅग घेतली. दारात वळून म्हणाला, की आईला घरी सोडायला आज तूच जा, ती फाटकाशी उभी आहे आणि मी बाजू बदलली म्हणून माझ्याशी बोलत नाहीये.

उद्या सोमवार. सोमवारी मैदानाला विश्रांती असते आणि गवत कापायचं मशीन खोलीबाहेर निघत नाही, म्हणजे आठ वाजता पट्टी मालकासाठी जशीच्या तशी असणार.