कानावरची मोहरी आणि ताईची सुपारी

दिवाळी सरली की सोलापुरात गाजरगवत फुलायचं आणि माझं नाक सुरू व्हायचं. एक शिंक आली की तिच्यामागं तिचं सगळं खानदान. सत्तरच्या दशकातल्या अशाच एका मोसमात ताईची सुपारी फुटायची होती. वैरागचं स्थळ. मुलगा तिला मनापासून आवडला होता. हे तिनं फक्त मला सांगितलेलं. पण मुलाची आत्या शकुनाची कडक. सुपारी फुटण्याआधी कुणी शिंकलं म्हणून तिनं आधीची एक बैठक मोडली होती.

"तू आज बाहेरच जा की," आई म्हणाली. पण एकुलता भाऊ बैठकीत नाही, हे कसं दिसेल? मग शेजारच्या काकांनी मला धरलं. ते पुस्तक वाचून कानावरचे बिंदू दाबायला शिकले होते. माझ्या कानावर मोहरीचे दाणे ठेवून त्यांनी वर चिकटपट्टी लावली. "नाक हुळहुळलं की दाबायचं. जोरात."

पाहुणे बसले, तोच नाक हुळहुळलं. दाबलं. शिंक मागं सरली, डोळ्यांत पाणी आलं.

"पोराचा कान फुटलाय व्हय?" आत्याबाई.

"न्हाय, जरा दुखतोय," वडील घाईनं म्हणाले.

"ऐकू येतंय का रं बाळा?" त्या ओरडल्या.

तोंड उघडलं असतं तर शिंकच बाहेर पडली असती. मी नुसता बघत राहिलो.

"न्हाय येत बिचाऱ्याला," त्यांनी ठरवून टाकलं. दाराआड ताईचा चेहरा उतरला.

मुलाच्या वडिलांनी सुपारीवर बत्ता उगारला. मी जीव खाऊन कान दाबला आणि दाणा पट्टीतून सटकला. बत्ता पडला, मी शिंकलो.

"आधी शिंक का आधी सुपारी?" आत्याबाईंनी थेट मलाच विचारलं.

मला तरी कुठं कळलं होतं! ताई पांढरीफटक. मी कानामागं हात धरला आणि म्हटलं, "आँ?"

मुलाचे वडील हसले. "अक्का, त्याला काय इचारतीस? त्याला ऐकू येत न्हाय. सुपारी फुटली की! साखर वाटा."

काकांचा उपाय लागू पडला का, कोण जाणे. दर मोसमाला मी शिंकतोच. ताईच्या सासरी मात्र आजही माझ्या कानाशी येऊन ओरडतात, "पाव्हणं, भाकरी घ्या की!" आणि कितीही भूक लागलेली असो, मी दुसऱ्या हाकेलाच हो म्हणतो.