दादाचा अंगठा

चहा आधी पिऊन घ्या. हे ऐकल्यावर माझ्याशी किती जण बोलतील, सांगता येत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, हदगावला घरीच पहाटे वारला. दुपारी उचलायचं ठरलं. अंगण माणसांनी भरलं होतं. वहिनींनी मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, पोरीला कळवा. लातूरहून यायला येळ लागंल. नंबर ह्यांच्याच फोनात हाय. तिला बापाचं तोंड तरी बघू द्या."

पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. दादा मात्र शेतात जाऊन तिच्याशी गुपचूप बोलायचा. फोनचा पॅटर्न त्यालाच ठाऊक. आता राहिला अंगठा, आणि तो पांढऱ्या कापडाखाली.

मी काय करावं? पाया पडायच्या निमित्तानं शेजारी बसलो, कापडाखाली हात घातला आणि दादाचा अंगठा फोनवर दाबला. पुसून दाबला. फुंकर घालून दाबला. फोन ढिम्म.

"अरे, ह्यो अंगठा घेऊन राहिला!" वहिनींचा भाऊ ओरडला.

झालं. आमच्याकडं मेलेल्या माणसाचा अंगठा एकाच कामासाठी घेतात, शेत नावावर करायला.

"कागद काढ भायेर."

"कागद न्हाई हो, फोन हाय."

"मंग फोनातच केलं असंल. आता समदं ऑनलाईनच हाय."

दाखवायला फोन वर धरला, तर माझाच अंगठा लागून तो उघडला.

अहो, फोन नवा आणला तेव्हा दादाची घासलेली बोटं तो घेईना, म्हणून मी माझा अंगठा देऊन ठेवला होता. हे मला आत्ता आठवावं? मी सांगितलं, पण ऐकतंय कोण.

"बघा, आधीपासून तयारी हाय," एक म्हातारा शांतपणे म्हणाला.

माझं डोकं फिरलं. खिशात माझा स्वतःचा फोन होता. तरी मी सगळ्यांदेखत, स्पीकर लावून, दादाच्याच फोनवरून पोरीला फोन लावला.

तिनं लगेच उचलला. "बोला पप्पा. आज सकाळीच आठवण आली व्हय?" ती हसत होती.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं. मला एकच वाक्य सांगायचं होतं.

आणि मी म्हणालो, "हाव बाई. जेवलीस का?"