बाई गेल्या आणि मला तारीख मिळाली

आमच्या वकीलबाई गेल्या, म्हणून आमच्या केसला पुढची तारीख मिळाली.

आणि मी हसलो.

खोटं कशाला लिहू? चंद्रपूरच्या कोर्टात, शोकसभेत, सगळे मान खाली घालून उभे असताना हसलो. एकीनेच पाहिलं. जिने पाहायला नको होतं, तिनेच.

आमची सिंदेवाहीकडे राइस मिल. बाबा आणि वासुदेवकाका भागीदार. नवीन मशीन बसवायची का जुनीच रेटायची, यावरून दोघांचं फाटलं. बाबांनी दाराला कुलूप ठोकलं. काकांनी त्याच्यावर दुसरं ठोकलं.
मिल बंद. दोघं कोर्टात.

आमची केस रामटेकेबाईंकडे. धंद्यातली भांडणंच लढायच्या त्या. पहिल्या दिवशी कागद बाजूला सरकवून बाबांना म्हणाल्या,
"वासुदेवभाऊचं एक चांगलं सांगा. मंग केस लिहू."

मी तापलो. (कॉलेज सेकंड इयरला सोडलं तेही सरांशी भांडूनच.)
"बाई, दुश्मन आहे तो आमचा! त्याले मी सोडत नाई!"
"ह्या पोराले पाणी द्या कोणी," बाई म्हणाल्या. "हे पाहा भाऊ, लढाचं तं मी लढीनच. कचरणार नाई. पण समोरच्याचं चांगलं आठवतच नसन, तं जिंकल्यावरही भांडण तुमच्या घरीच राहीन."

बाबा पंख्याकडे बघत बसले. मग हळूच बोलले.
"मशीनच्या पट्ट्यात माया सदरा अडकला होता. वासुदेवनंच उडी मारून मेन स्विच पाडला. नाईतर आज हात नसता."
बाईंनी मान हलवली आणि मगच पेन उचललं.

बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून तारखेला मी जायचो. वासुदेवकाकांनी बाबांचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतलेली, म्हणून तिकडून त्यांची मुलगी यायची.

तिचं नाव लिहीत नाही. मला गावात राहायचं आहे.

दोघांना एकच एसटी. ती पुढे, मी मागे. वाटेत मूलच्या स्टँडवर गाडी थांबली की ती खिडकीतून रिकामी बाटली माझ्या हातात द्यायची. मी भरून आणायचो.
"दुश्मनाच्या हातचं पानी पेते का?" मी एकदा विचारलं.
"बाटली मायी आहे," ती म्हणाली.

बस, एवढंच. एवढ्यावर मी महिना महिना काढायचो.

कोर्टात सगळे तारीख वाढली की शिव्या देतात. जजसाहेब रजेवर गेले की माझे पेढे वाटायचेच बाकी असायचे. तिकडे मिलमध्ये उंदीर, बाबा घरात भिंतीला टेकून, आणि मी एसटीच्या फेऱ्या मोजतोय.

बाईंनी पकडलंच.
"काऊन रे, तारीख भेटली की तुया चेहरा फुलते? कोणाचा पक्षकार आहेस तू?"
मी फाइलची दोरी सोडायला लागलो.
"त्या पोरीले भेटाचं असन तं केस संपू दे. तारखेच्या आडून कोणाचं लग्न लागत नाई बाबू."

मागच्या तारखेला बाईंनी दोन्ही बापांना आपल्या चेंबरमध्ये बोलावून घेतलं. शपथ काकांनी बाहेर चपलेसोबत काढली असावी. दोघं दोन कोपऱ्यांत. काकांचे वकील, ती आणि मीही होतो. बाई काकांकडे वळल्या.
"यांनी पहिल्याच दिवशी तुमचं एक सांगतलं होतं. योग्य येळेसाठी राखून ठेवलं होतं मी." आणि मेन स्विचची गोष्ट सांगितली.

काका म्हणाले,
"सदरा नवा होता त्याचा. मीच टराटरा फाडला."
"आणि भरून नाई देल्ला अजून," बाबा म्हणाले.
दोघं हसले. ती रडली. मी मनात म्हटलं, संपलं. आता तारीख नाही.

आज तडजोडीवर सह्या होणार होत्या. आम्ही चौघंही आलो. गेटवरच बाईंचे मुन्शी भेटले, डोळे लाल.
"सकाळी गेल्या बाई. कोर्टाची तयारी करत होत्या. अटॅक."

वकिलाच्या निधनाला कोर्टात काम बंद असतं. बार रूमसमोर सगळे उभे राहिले. मागे कोणीतरी कुजबुजलं, सगळ्या केसेस आता कोर्टाच्या मोठ्या सुट्टीनंतर.

सुट्टीनंतर. म्हणजे परत एसटी. परत मूल. परत बाटली.

तेव्हा हसलो मी.

सभा संपल्यावर ती सरळ माझ्यासमोर आली.
"हासून राह्यला होता तू?"
"नाई... ते..."
"बाई मेल्या ना रे."
बाटली तिच्या हातातच होती. दिली नाही.

बाबा आणि काका कडुनिंबाखाली एकाच बाकावर बसले होते. काका म्हणाले, "आता सुट्टीनंतर."
बाबांनी मान हलवली. "बाईनं थांबू देल्लं नसतं. कागद तारखेले होईन. कुलपं आपली आहेत ना? उद्या सकाळी काढू."
काकांनी खिशातून किल्ली काढून बघितली, परत ठेवली. "चाल, पयले बाईले पोचवून येऊ."

बाबा, काका आणि ती अंत्ययात्रेला गेले. जाताना बाबांनी मला हाक मारली. मी स्टँडकडे वळलो. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

स्टँडवर बसून हे लिहितोय. दोन बस सोडल्या.

बाई, तुम्ही फोन उचलला की "जय भीम, बोल" म्हणायच्या. मी नुसतं "हो बाई" म्हणायचो. तेवढंही नीट परत दिलं नाही कधी.

उद्या सकाळी मिलवर झाडू घेऊन जातो. ती असेल. तिच्याकडे बघायची हिंमत नाही. पण जे बोलायचं ते उजेडात, तिच्या बाबांसमोर बोलेन. तारखेच्या आडून नाही.

पोस्ट टाकतो आणि स्मशानभूमीकडे निघतो. उशीर झालाय, मागे उभा राहीन.

जय भीम, बाई.